मिरीचं नाव मिरचीला

थंडी सरू लागली की गोदौलियाकडून दशाश्वमेध घाटाला उतरणाऱ्या रस्त्याच्या आसपास, भाजीबाजारात, लाल मिरच्यांचे ढीग दिसू लागतात. ही आपली वाळवून कुटायची मिरची नव्हे. बोटापेक्षा लांब, अंगठ्यापेक्षा जाड, मांसल आणि बेताची तिखट. बनारसी घरांत तिचं देठ काढतात, आतला गर आणि बिया उकरून घेतात आणि पोकळीत सारण दाबून भरतात: भाजून भरडलेली बडीशेप, मेथी, मोहरी, कलौंजी, आमचूर, मीठ, आणि हे सगळं कालवायला मोहरीचं तेल. मग काही दिवस ऊन दाखवायचं. हे ‘भरवाँ मिर्चा’चं लोणचं वर्षभर टिकतं.

एका इटालियन कादंबरीचं भाषांतर करताना ‘साल्सिच्चा’ हा शब्द आला, तेव्हा मला हे लोणचं आठवलं आणि ते डोक्यातून गेलं नाही. साल्सिच्चा म्हणजे डुकराचं मांस बारीक करून, मसाला लावून, आतड्यात भरून केलेला पदार्थ. गंगेकाठच्या शाकाहारी बरणीशी त्याचं नातं जोडलं तर कुणी कानांवर हात ठेवील. पण मांस क्षणभर बाजूला ठेवून नुसता मसाला पाहावा. मीठ, बडीशेप, तिखट. एक आवरण, त्यात दाबून भरलेलं सारण, आणि वारा किंवा ऊन. दक्षिण इटलीतल्या खाटकाच्या आणि बनारसच्या आजीच्या हाताला एकच बेत सुचला आहे. तो दोन्हीकडे कसा पोचला, हे पाहू गेलं की एक गोष्ट लक्षात येते. मसाल्याची आवड आपल्याला वाडवडिलांची सगळ्यांत जुनी ठेव वाटते. प्रत्यक्षात ती बरेचदा कुठल्या तरी पिढीनं अडचणीत केलेलं भाषांतर असतं, आणि पुढच्या पिढ्या ते मूळ म्हणून सांभाळतात.

*

सुरुवात मिठापासून करावी लागते, कारण शब्दच तिथून सुरू होतो. साल्सिच्चा, सॉसेज, सॉस, सालसा हे सगळे लॅटिनमधल्या ‘साल’ म्हणजे मीठ या शब्दाचे वंशज. रोमनांच्या एका जुन्या सॉसेजचं नाव होतं ‘लुकानिका’. व्हारो हा रोमन पंडित सांगतो की हा प्रकार सैनिक लुकानियाच्या लोकांकडून शिकले, म्हणून त्याला ते नाव. लुकानिया म्हणजे आजच्या इटलीतला बासिलिकाता हा दक्षिणेकडचा प्रांत. हे नाव पुढे उत्तर इटलीत लुगानेगा, ग्रीसमध्ये लुकानिको आणि स्पेनमध्ये लोंगानिसा होऊन राहिलं. फौजा परतताना आपल्याबरोबर चव घेऊन येतात, याचं हे बरंच जुनं उदाहरण.

आपिकियुसच्या नावानं चालत आलेल्या रोमन पाकग्रंथात लुकानिकाची कृती आहे. मिरी, जिरं, सताप, काही सुगंधी पाला, तमालपत्राच्या जातीच्या झाडाची फळं, आंबवलेल्या माशांचं खारट पाणी, चिलगोज्यासारख्या बिया आणि वरून अख्खी मिरी. हे मिश्रण आतड्यात भरून धुरावर टांगायचं. यात बडीशेप नाही आणि मिरची असणं शक्यच नाही. तिखटपणाचं सगळं ओझं मिरीवर आहे, आणि मिरी मलबारची.

मिरीचं लॅटिन नाव ‘पिपेर’. ते ग्रीक ‘पेपेरि’वरून आलं आणि ग्रीक नाव ‘पिप्पली’वरून. पिप्पली म्हणजे आपली पिंपळी. ती लांबट असते, मिरी गोल, आणि वनस्पती म्हणून दोन्ही सख्ख्या बहिणी. पश्चिमेकडे आधी पिंपळीचं नाव पोचलं आणि मग मिरीही त्याच नावाखाली गेली. पहिल्या शतकातल्या प्लिनीला या प्रकाराचं फार आश्चर्य वाटे. इतर फळं गोडव्यानं किंवा रूपानं मन ओढून घेतात, मिरीत नुसता झोंबरेपणा, तरी माणसं ती थेट हिंदुस्थानातून आणवतात, अशी त्याची तक्रार आहे. त्यानं भावही नोंदवले आहेत: एका रोमन पौंडाला पिंपळी १५ दिनार, पांढरी मिरी ७, काळी ४. हिंदुस्थान दरसाल साम्राज्यातून ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो, हा त्याचाच हिशेब. म्हणजे इटालियन सॉसेजची पहिली ज्ञात चव निम्मी आपल्याच किनाऱ्यावरून गेलेली होती.

*

महाग वस्तूला गरीब घर पर्याय शोधतं. तोस्कानामध्ये ‘फिनोक्कियोना’ नावाचं जाड सॉसेज करतात. नाव बडीशेपेवरून, कारण तिकडे ती ‘फिनोक्कियो’. मिरी परवडत नसे आणि बडीशेप बांधावर आपोआप उगवे म्हणून ती मांसात आली, असं तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आज मात्र बडीशेपेवाचून तोस्कानाचं सॉसेज अपुरं वाटतं. बदली कामगार कायम झाला! इटालियन भाषेत ‘इन्फिनोक्कियारे’ असं एक क्रियापदही आहे. शब्दशः ‘बडीशेप लावणं’, अर्थ फसवणं, गंडवणं. वाईट दारू खपवायची असली की दुकानदार गिऱ्हाइकाला आधी बडीशेप चघळायला देई, अशी त्याची लोककथा.

मराठी तोंडात बडीशेप येते ती बहुधा जेवण संपल्यावर. मालवणी मसाल्यासारखे अपवाद सोडले तर रोजच्या देशी स्वयंपाकात तिला पानाच्या तबकातच जागा. बनारसमध्ये ती लोणच्यात, भाजीत, कचोरीच्या सारणात उघडपणे वावरते. काशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत सीमारेषा ओळखायची तर या डब्यावरून ओळखता येते. फोडणी मोहरी-हिंगाची आणि आमटीत गोडा मसाला असेल तर आपलं; बडीशेप-मेथी आणि मोहरीचं तेल असेल तर गावाचं. एकाच ताटात दोन्ही सुखानं नांदतात, पण कोणतं कुणाचं हे सगळ्यांना ठाऊक असतं.

‘गोडा’ या शब्दापाशी भाषांतरकाराला थांबावंच लागतं. गोडा मसाला गोड नसतो. धने, तीळ, खोबरं, दगडफूल, दालचिनी, लवंग, नागकेशर असं भाजून कुटलेलं ते सुगंधी प्रकरण. गोडा म्हणजे झोंबत नाही तो. अमेरिकेत नेमकं असंच घडलं आहे. १८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लाख इटालियन माणसं तिकडे गेली आणि त्यांतली बहुतेक दक्षिणेकडची होती. त्यांच्या गावचं बडीशेप घातलेलं सॉसेज तिथे सरसकट ‘इटालियन सॉसेज’ झालं. खुद्द इटलीत गावागणिक चव बदलते. उत्तरेत मिरी, जायफळ, लसूण आणि वाइन, मध्य भागात बडीशेप, दक्षिणेत मिरची. समुद्रापार गेल्यावर त्यांतली एक चव साऱ्या देशाच्या नावावर चढली. तिचे दोन प्रकार विकले जातात, ‘हॉट’ आणि ‘स्वीट’. यातलं ‘स्वीट’ साखरेचं नव्हे, नुसतं मिरची नसलेलं. त्याचं मराठी मला चुटकीसरशी सुचलं: गोडं सॉसेज. ज्या भाषेत गोडा मसाला आहे, तिला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

*

मिरचीची गोष्ट याहून विलक्षण आहे. ती मूळची अमेरिकेची. कोलंबस मिरी शोधायला निघाला होता. त्याला मिळालं ते दुसरंच, पण तिखट होतं, म्हणून त्याच्या लोकांनी जुनंच नाव थोडं वळवून दिलं. स्पॅनिशमध्ये मिरी ‘पिमिएन्ता’ आणि मिरची ‘पिमिएन्तो’. इटालियनमध्ये मिरी ‘पेपे’, मोठी मिरची ‘पेपेरोने’, लहान झणझणीत मिरची ‘पेपेरोंचीनो’. आणि मराठीत? मिरीवरून मिरची. कोकणीत ‘मिरसांग’, म्हणजे मिरीची शेंग. एकमेकींना न विचारता इतक्या भाषांनी एकच युक्ती केली. नव्या वस्तूला जुन्या वस्तूचं नाव दिलं, मग तिला जुन्या वस्तूच्या जागी बसवलं, आणि काही काळानं जुनी वस्तूच परकी वाटू लागली. आज ‘तिखट’ म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर लाल पूड येते, काळी मिरी येत नाही.

आपल्याकडे मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. मुंबईकडे तिला एके काळी ‘गोवाई मिरची’ म्हणत, यातच तिचा पत्ता आहे. अकबराच्या दरबाराची बारीकसारीक नोंद ठेवणाऱ्या ‘आईन-इ-अकबरी’त, सोळाव्या शतकाच्या अखेरीला, मसाल्यांचे भाव आहेत, मुदपाकखान्यातल्या पदार्थांची मापं आहेत, मिरी आहे. मिरची नाही. उत्तरेत ती पुढे मराठ्यांच्या फौजांबरोबर पसरली, असं काही खाद्येतिहासकार मांडतात. तसं असेल तर लुकानिकाची गोष्ट इथेही घडली म्हणायची. दशाश्वमेध घाटाच्या पायऱ्या १७४८ साली बाळाजी बाजीराव पेशव्यांनी बांधवल्या आणि १७७४ साली अहिल्याबाई होळकरांनी त्यांत भर घातली. दगड कुणी घातला याची नोंद राहिली. वरच्या बाजारातल्या मिरचीची तशी नोंद कुणी ठेवली नाही.

इटलीतही मिरचीची चढण खालून झाली. मिरी विकत आणावी लागे, मिरची परसात उगवे. कालाब्रिया हा दक्षिणेचा गरीब प्रांत, आणि तिथल्या स्पिलिंगा गावची ‘न्दूया’ ही पावाला लावायची लालभडक, मऊ सॉसेज म्हणजे मांसाइतकीच मिरचीची करामत. तिचं नाव फ्रेंच ‘आंदुई’वरून आलं, मिरची अमेरिकेची, आणि आज न्दूयाइतकं अस्सल कालाब्रियन काही नाही असं कालाब्रियन माणूस छाती ठोकून सांगतो. तो खोटं बोलत नाही.

*

आपल्या बाजूला सॉसेजचा सगळ्यांत जवळचा भाऊ गोव्यात आहे. पोर्तुगालचं ‘शोरिसु’ म्हणजे डुकराचं मांस, लसूण, वाइन आणि सौम्य लाल मिरचीची पूड. गोव्यात ते ‘चोरीस’ झालं. वाइनच्या जागी माडाच्या सुरेचं व्हिनेगर आलं. सौम्य पुडीच्या जागी सुकी मिरची, आणि जोडीला आलं, हळद, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी. मांस या मसाल्यात मुरवायचं, आतड्यात भरून दोऱ्यानं गाठी मारायच्या, उन्हात किंवा चुलीच्या धुरावर सुकवायचं. पावसाळ्यापूर्वी भरून ठेवायच्या बेगमीला, म्हणजे ‘पुरुमेता’ला, हे हवंच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्याच्या माळा टांगलेल्या असतात. भाषांतर म्हणून पाहिलं तर चोरीस उत्तम आहे. वाक्यरचना पोर्तुगीज, शब्द जवळपास सगळे इथले.

पण हे भाषांतर मोकळ्या मनानं झालेलं नव्हतं, आणि चवीचा इतिहास लिहिताना ते विसरून चालत नाही. स्पेन-पोर्तुगालमध्ये डुकराचं मांस हे श्रद्धेचं प्रमाणपत्र होऊन बसलं होतं. ते न खाणारा माणूस छुपा ज्यू किंवा मुसलमान असल्याचा संशय घेतला जाई. उत्तर पोर्तुगालच्या मिरांदेला गावात पाव आणि कोंबडीचं मांस भरून केलेलं ‘आल्येइरा’ नावाचं सॉसेज मिळतं. बळानं बाटवलेल्या ज्यूंनी शेजाऱ्यांना दाखवायला घरात टांगण्यासाठी ते काढलं, असं तिथे सांगतात. लसणाचा वास तोच, आकार तोच, आतली गोष्ट वेगळी.

गोव्यात इन्क्विझिशन १५६० ला आलं आणि मधली थोडी वर्षं वगळता १८१२ पर्यंत राहिलं. अनंत काकबा प्रियोळकरांनी १९६१ साली त्यावर लिहिलेल्या ग्रंथात १७३६ च्या जाहीरनाम्याचा तपशील येतो. बाटलेल्या घरांनी जुन्या धर्मातलं काय काय करू नये याची ती यादी. तुळस लावू नये, अमुक वस्त्र नेसू नये, लग्नात अमुक गाणी म्हणू नयेत. आणि त्यात एक कलम असं, की हिंदू करतात तसा मीठ न घालता भात शिजवू नये.

हे कलम मी बऱ्याचदा वाचलं आहे. देव नाही, पोथी नाही, पातेल्यातलं मीठ! भात शिजताना मीठ पडलं की वाढताना, एवढ्यावरून माणूस कोण हे ठरवायचं. अशी नजर स्वयंपाकघरापर्यंत पोचते तेव्हा ‘आवड’ हा शब्द अपुरा पडतो. चोरीस त्या काळात घडलं आहे. कुणासाठी ती नव्या धर्माची खूण होती, कुणासाठी बचावाची ढाल, आणि कुणाला नुसतीच आवडली असेल. पण शिजवणाऱ्या हातांनी तिच्यात हळद आणि आलं घातलं, माडाचा आंबटपणा घातला. जाहीरनाम्यानं दार लावलं होतं, मसाल्याचा डबा आतच राहिला होता.

*

त्या काळात गोव्यातून बाहेर पडलेल्या सारस्वतांच्या वाटा कारवार, मंगळूर, कोची इथवर गेल्या. गौड सारस्वतांच्या एका मोठ्या वैष्णव परंपरेचं नाव काशी मठ. त्याचं स्थान दशाश्वमेधाच्या उत्तरेला ब्रह्मा घाटावर आहे. पण काशीनं त्यांच्याकडे नेहमी मायेनंच पाहिलं असंही नाही. कुणी काय खावं आणि त्यावरून कुणाला कोणता अधिकार, याचे निर्णय मागायला दख्खनची माणसं काशीकडेच पाहत. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातले नारायणभट्ट, आणि त्यांचे पणतू गागाभट्ट, हे त्या अधिकाराचे मोठे धनी. १६७४ च्या राज्याभिषेकामुळे गागाभट्ट आपल्याला माहीत असतात. त्याआधी दहा वर्षं, १६६४ साली, राजापूरच्या पंडितसभेत शेणवी ब्राह्मणांच्या अधिकाराचा निर्णय झाला, त्यातही ते होते. सारस्वतांचा मासा हा त्या जुन्या वादातला ठसठसणारा मुद्दा. म्हणजे एकाच शतकात, एकाच समाजाच्या पानाकडे दोन दिशांनी बोट दाखवलं जात होतं. गोव्यात पानातून काय गाळलं म्हणून, इकडे पानात काय वाढलं म्हणून.

काशी ही भाषांतराचा न्याय करणारी नगरीही आहे. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरची मराठी टीका इथे १५७३ साली पुरी केली. संस्कृतातलं प्राकृतात आणल्याबद्दल पंडितांनी त्यांना जाब विचारला आणि शेवटी ग्रंथ मानला, असं परंपरा सांगते. ग्रंथाला सभेपुढे उभं राहावं लागलं. मिरचीला मात्र कुठल्याही सभेपुढे उभं राहावं लागल्याचं दिसत नाही. कांदा आणि लसूण धर्मशास्त्रांत निषिद्ध आहेत, कारण ग्रंथकारांना ते माहीत होते. मिरची त्यांना माहीतच नव्हती, म्हणून तिचं नाव यादीत नाही, आणि म्हणून ती सोवळ्यात शिरली.

याचा कडेलोट पाहायचा तर एकादशीचं पान पाहावं. दशाश्वमेधावर स्नान करून आलेल्या मराठी यात्रेकरूच्या उपवासाच्या खिचडीत साबुदाणा असतो, तो दक्षिण अमेरिकेतल्या कंदाचा. शेंगदाणे आणि बटाटाही त्याच खंडाचे. मिरची अमेरिकेचीच. इथली म्हणावी अशी वस्तू जिरं, तूप आणि मीठ. उलट ज्या हळद-मोहरीवर आपला रोजचा स्वयंपाक उभा आहे, त्या उपवासाला चालत नाहीत. नवख्यांचा हा प्रवेश कुणी ठराव करून दिलेला नाही. ज्या बायकांना सभेत बोलायचा अधिकार नव्हता त्यांनी चुलीपाशी तो देऊन टाकला.

काशीला गेलं की आवडीची एक खायची वस्तू कायमची सोडायची, ही रीत अजून पुष्कळ मराठी घरांत आहे. ‘काशीत काय सोडलंत?’ हा प्रश्न परतलेल्या माणसाला विचारतात. कुणी एखादं फळ सोडतं, कुणी भाजी. नावडतं कारलं सोडून पुण्य पदरात पाडून घेणारे चतुरही असतात. मिरची सोडून आलेला मराठी माणूस माझ्या पाहण्यात नाही. सोडायची वस्तू आपली असावी लागते हे खरं. पण काही वस्तू इतक्या आपल्या झालेल्या असतात की त्या सोडता येतात हेच सुचत नाही.

‘मूळ चव’, ‘अस्सल कृती’ हे शब्द हल्ली पार्सलच्या डब्यावरही छापलेले असतात आणि भांडणातही फेकले जातात. तुझ्या ताटात काय आहे यावरून तू कोण, हे ठरवण्याची हौस १७३६ बरोबर संपलेली नाही. अशा वेळी मला त्या जाहीरनाम्यातलं मिठाचं कलम आठवतं. जी सवय पुसून टाकायची होती, ती लिहून ठेवली गेली ती पुसणाऱ्यांच्याच कागदात. आजही बहुतेक मराठी घरांत साधा भात मिठावाचून शिजतो. ताट वाढताना पहिलं वाढतात ते मीठ, मग लिंबू, मग चटणी. पुढे पानात गोडं वरण येईल, मिरचीचा ठेचा येईल, किंवा म्हापशाहून कुणी आणलेला चोरीसही येईल. मीठ मात्र आधीपासून तिथे असतं, थोडंसं, पानाच्या वरच्या कडेला. ज्याला जेवढं हवं तेवढं त्यानं घ्यावं.